मोडकी छत्री, जुनी हुडी आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचं वटवाघूळ: एक प्रकरण अभ्यास

२०२४ साली अमेरिकेत लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबर, गुरुवार. भारतात तेव्हा पूजा ३१ ला करायची की १ नोव्हेंबरला यावर बराच घोळ चालला होता, पण इकडे न्यू जर्सीत अमावस्या ३१ च्या सकाळी लागून दुसऱ्या दिवशी सकाळी संपत होती, म्हणजे संध्याकाळ एकच हाताशी होती. त्या एका संध्याकाळी माझ्या ताईच्या घरी देवघरात पूजा, दारात पणत्या, टेबलावर फराळ, त्याच दारात 'ट्रिक ऑर ट्रीट' करत, म्हणजे हॅलोवीनची सोंगं घेऊन दारोदार कँडी मागत येणारी गल्लीतली पोरं, आणि आमच्याच घरातली सात वर्षांची पोरगी वटवाघूळ होऊन बाहेर पडणार, असा सगळा एकत्र कार्यक्रम होता.

हे प्रकरण त्या वटवाघळाच्या ड्रेसचं आहे. इतकं सविस्तर लिहितेय कारण ऑक्टोबर आला की ओळखीतल्या आया विचारतात, घरच्या घरी काय करता येईल, आणि उत्तर म्हणून त्यांना फोटो पाठवले जातात. फोटोत पोर नुसतं उभं असतं. प्रत्यक्षात त्याला दीड-दोन तास चालायचं असतं, लोकांच्या पायऱ्या चढायच्या उतरायच्या असतात, अंधारात रस्ता ओलांडायचा असतो, हातात पिशवी धरायची असते आणि मध्येच बाथरूमला जायचं असतं. ड्रेसचा विचार तिथून सुरू करावा असं मला मनापासून वाटतं, आणि या केसमध्ये तसा केला म्हणून काय काय बदलत गेलं ते सांगते.

भाचीला वटवाघूळच का, तर शाळेच्या लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकांमुळे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, २४ ते ३१, इकडे 'बॅट वीक', म्हणजे वटवाघूळ सप्ताह असतो, त्या निमित्ताने मुलांना बरंच काही वाचायला देतात. न्यू जर्सीत तर हा विषय जवळचाच आहे, मॉरिस काउंटीत हायबर्निया म्हणून लोखंडाची जुनी बंद खाण आहे, तिथे हिवाळ्यात हजारोंनी वटवाघळं झोपायला यायची, २००९ च्या सुमारास व्हाइट नोज सिंड्रोम नावाचा बुरशीचा रोग इथे पोचला आणि काही वर्षांत ती संख्या काही शेकड्यांवर आली. हे सगळं या बाईसाहेबांना पाठ. त्यामुळे तिला रक्त पिणारा काळा कोट घातलेला कोणी नको होता, तिला खरं वटवाघूळ व्हायचं होतं, किडे खाणारं, आणि 'खरं' या शब्दावर तिचा फार जोर होता.

आई तेव्हा मिरजेहून आली होती, सहा महिन्यांसाठी. तिला हे अजिबात पटलं नाही. "अगं, लक्ष्मी यायच्या वेळेला घरात वटवाघूळ कशाला गं? परी कर, फुलपाखरू कर, कितीतरी चांगलं आहे की." ताई मध्ये पडायला गेली तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, ते डास खातं. तुला डास आवडतात का?" आई हसली, पण तिचं मन काही लगेच वळलं नाही. ते वळलं नंतर, छत्री उघडून तिच्या मांडीवर ठेवल्यावर, कारण आईने मोठी वटवाघळं इतक्या जवळून बघितलीयत जितकी आमच्यापैकी कोणीच नाही, तिच्या माहेरच्या मळ्यातल्या वडावर शेकड्यांनी लटकलेली असायची आणि तिन्हीसांजेला एकदम उठायची. पंख कसा उघडतो, कसा मिटतो, अंगाशी कुठे चिकटलेला असतो हे तिने हाताने करून दाखवलं, आणि त्या क्षणापासून ती या कामात सगळ्यात जास्त गुंतलेली माणूस होती.

आता सामान. घरात काय होतं ते आधी काढलं, दुकानात नंतर गेलो, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. दाजींची मोठी काळी फोल्डिंगची छत्री, दोन काड्या वाऱ्याने उलट्या होऊन मोडलेल्या, कापड मात्र धडधाकट. ताईच्या मोठ्या मुलाची काळी झिपची हुडी, आता त्याला होत नव्हती आणि हिला दोन साइझ मोठी होत होती. दुधाचा रिकामा प्लास्टिकचा गॅलन. साधा हेअरबँड. दाजी बांधकामाच्या साइटवर जातात त्यांची फाटलेली जुनी सेफ्टी जाकीट, ती नारिंगी, चकाकत्या पट्ट्यांची. बाहेरून आणलं ते करडं आणि काळं फेल्ट, जाड काळा दोरा आणि थोडं इलॅस्टिक, सगळं मिळून दहा डॉलरच्या आत. तेव्हा फेल्ट-दोऱ्यासाठी आम्ही जोॲन या शिवणसामानाच्या साखळी दुकानात जायचो, ती सगळी दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, शिवणकाम करणाऱ्या माणसाला त्याचं वाईट वाटतंच.

ताईचा पहिला विचार क्रेप पेपरचा होता, काळ्या झिरमिळ्या कापून बाह्यांना चिकटवायच्या, पटकन होतं, छान दिसतं. यात काही नवीन नाही, अमेरिकेत घरी हॅलोवीनचे कपडे करायची पद्धत पसरली त्यात क्रेप पेपरचा मोठा हात आहे, मॅसेच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमची डेनिसन कंपनी हा कागद विकायची आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे कपडे कसे करायचे याच्या पुस्तिकाही छापायची. पण कागद तो कागद. दारात पणत्या असणार, लोकांच्या पायरीवर कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्त्या असणार, आणि झिरमिळी ही बरोबर ज्योतीच्या उंचीला फडफडणारी वस्तू. शिवाय त्या वर्षीचा ऑक्टोबर न्यू जर्सीत नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सगळ्यात कोरडा महिना ठरला, पाऊस जवळजवळ नाहीच, अंगणात वाळक्या पानांचा खच आणि वणव्यांच्या भीतीने उघड्यावर काही पेटवण्यावर सरकारी निर्बंध. मी सरळ नाही म्हणाले.

छत्रीचं कापड नायलॉन नाहीतर पॉलिएस्टरचं असतं. ते कागदासारखं भसकन पेटत नाही, इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या हॅलोवीनच्या सूचनांमध्ये हीच कापडं त्यातल्या त्यात बरी म्हणून सांगितलेली असतात. पण त्याचा अर्थ त्याला काही होत नाही असा नाही, ते वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. म्हणून कापड चांगलं निवडलं तरी पणतीचा प्रश्न वेगळा सोडवावाच लागणार होता, त्याकडे पुढे येते.

छत्री उघडून मांडीवर ठेवली की दिसतं, कापड आठ तिकोनी तुकड्यांचं असतं, परकराच्या कळ्या असतात तसं, आणि दोन काड्यांच्या टोकांमधली कड सरळ नसते, आत वळलेली असते. वटवाघळाच्या पंखाची खालची कड अगदी अशीच असते. हे कापून करायला गेलं तर कागदावर नमुना काढा, गोलाई जुळवा, कडा दुमडा, आणि इथे ते सगळं कारखान्यात नीट शिवून आलेलं, कड दुमडलेली, पाणी लागलं तरी चालेल, वजन काहीच नाही. घरच्या सामानातून ड्रेस करताना मी नेहमी हेच शोधते, ज्या वस्तूचा आकार आधीच बरोबर आहे अशी एक वस्तू. ती सापडली की निम्मं काम झालं, बाकीचं चिकटवाचिकटवी करून आणलेला आकार कितीही केला तरी संध्याकाळभर टिकत नाही.

काड्या ठेवायच्या की काढायच्या यावर आमचं घरात चांगलंच वाजलं. दाजींचं म्हणणं, काड्या ठेवल्या तर पंख ताठ उभा राहतो, फोटोत जबरदस्त दिसतो, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं, मोठ्या माणसाच्या ड्रेसला मीही काड्या ठेवीन. पण सात वर्षांचं पोर दहा पोरांच्या घोळक्यात दारासमोर उभं राहतं, तिच्या बाजूला कोणाचं तरी चार वर्षांचं भावंड असतं, आणि काडीची टोकं बरोबर त्याच्या डोळ्याच्या उंचीला येतात. त्यावर बुच लावा, टेप गुंडाळा, ती निघतेच. मी काड्या सगळ्या काढल्या. छत्री पूर्ण उघडी ठेवून आधी टोकांच्या टोप्या काढायच्या, मग प्रत्येक काडी कापडाला मध्ये मध्ये दोन-तीन ठिकाणी दोऱ्याने बांधलेली असते ते टाके उसवायचे, शेवटी वरचं टोपण फिरवून काढलं की कापड अख्खं गोल हातात येतं. मोडकी छत्री बंद अवस्थेत उसवायला घेऊ नका, स्प्रिंग कधी उडेल सांगता येत नाही.

आता माप, कारण पंख तिथेच जमतो नाहीतर बिघडतो. प्रत्येक पंखाला सलग तीन कळ्या घेतल्या, म्हणजे दोन पंखांना सहा, दोन उरल्या. दोन कळ्यांचा पंख केला तर तो काटकोनाएवढाच उघडतो, म्हणजे हात खांद्याच्या रेषेत आला की कापड ताणलं जातं आणि हात त्याच्या वर नेला की हुडीच वर ओढली जाते. पोरं हात वरच करतात, पंख मिळाल्यावर तर करणारच. तिसरी कळी ही त्या वर जाणाऱ्या हातासाठी, हात खाली असताना ती नुसती घडी होऊन लोंबते. छत्रीचा मधला बिंदू काखेत येईल असं धरून एक सरळ कड बाहीच्या खालच्या शिवणीवर आणि दुसरी सरळ कड हुडीच्या बगलेच्या शिवणीवर, कमरेपर्यंत.

त्या छत्रीची काडी साधारण ५० सेंटीमीटरची आणि हुडीची काख ते मनगट बाही ४० च्या आसपास. जास्तीचं कापड मनगटाकडून कापलं असतं तर ती सुंदर वळलेली कड गेली असती, म्हणून मधल्या टोकाकडून दहा सेंटीमीटर गोल कापून टाकलं. तिथे तसंही भोक असतं, शिवण जाड असते. कापल्यावर जी छोटी गोल कड राहिली तिला चुण्या घालून ती काखेत बसवली, आणि या चुण्यांनी काखेत जी ढिलाई मिळाली तिच्यामुळे पोरीला हात हलवताना काही अडकल्यासारखं वाटलं नाही. बाहीवरची शिवण मनगटाच्या चार बोटं आधीच थांबवली, कारण अगदी मनगटापर्यंत शिवलं तर पिशवी धरताना पंख मुठीत येतो आणि कँडी घेताना तर त्या बिचाऱ्या शेजाऱ्यांच्या वाडग्यातच जातो.

शिवताना एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, या कापडाला टाचणी लावली की भोक कायमचं राहतं, ते बुजत नाही. म्हणून टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. मशीनवर हे कापड घसरतं आणि हुडीचं कापड ताणतं, दोघांचं जमत नाही, आईने मशीन बाजूला सारलं आणि हाताने उलट टीप घातली, बारीक, एकसारखी, तिच्या वयाच्या बायकांनाच येते तशी. ग्लू गनला मी इथे हात लावू दिला नाही. गरम गोंद गुळगुळीत नायलॉनला नीट धरत नाही, आणि जिथे कापड दर मिनिटाला ओढलं जातंय तिथे गोंदावर विसंबणं म्हणजे रस्त्यात पंख गळणं.

पंख शिवून झाले, भाचीला घालायला दिले, ती आरशासमोर उभी राहिली, हात पसरले आणि तिचं तोंड पडलं. "मावशी, ही बोटं चुकीची आहेत." छत्रीच्या कळ्यांच्या शिवणी दिसत होत्या ना, त्या काखेतून निघून बाहेर पसरत होत्या. वटवाघळाची बोटं काखेतून कशी निघतील? त्याचा पंख म्हणजे त्याचा हात असतो, चार लांबच लांब बोटं मनगटातून निघून पंखाच्या कडेपर्यंत जातात, अंगठा तेवढा छोटा आणि मोकळा, वरच्या बाजूला नखासकट बाहेर आलेला. पुस्तकातला सांगाडा आणून तिने मला दाखवला, आणि ती शंभर टक्के बरोबर होती. आईनेही मान डोलावली, "हो गं, पंजा इथे असतो त्याचा," आणि नातीचं मनगट धरून दाखवलं.

तेव्हा ठरलं होतं की करड्या फेल्टच्या बारीक पट्ट्या कापायच्या, मनगटापासून त्या वळलेल्या कडेच्या टोकांपर्यंत खडूने रेषा मारायच्या आणि त्यावर पट्ट्या शिवायच्या. तसंच करणार होतो. पण मला दुसरी एक काळजी पहिल्यापासून होती जी मी घरात बोलत होते आणि कोणी फार मनावर घेत नव्हतं, ती म्हणजे हे अख्खं पोर काळं आहे. काळी हुडी, काळे पंख, काळी पँट, आणि जायचं अंधारात.

हे उगीच घाबरवणं नाही. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या जीवघेण्या अपघातांच्या नोंदी घेऊन केलेला एक अभ्यास 'जामा पेडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, हॅलोवीनच्या संध्याकाळची तुलना एक आठवडा आधीच्या आणि एक आठवडा नंतरच्या तशाच संध्याकाळशी केलेली, आणि पायी चालणाऱ्याचा जीव जाण्याचा धोका ३१ ऑक्टोबरला ४३ टक्के जास्त निघाला. सगळ्यात जास्त वाढ चार ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये. वेळ सगळ्यात वाईट कुठली, तर संध्याकाळी सहाच्या सुमाराची. इकडे २००७ पासून हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करायचं ऑक्टोबरच्या शेवटाऐवजी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गेलं त्यामुळे हॅलोवीनला थोडा उजेड मिळतो हे खरं, पण आमच्या भागात त्या दिवशी सूर्य सहाच्या पाच मिनिटं आधी मावळतो, म्हणजे पोरं बाहेर पडतात ती नेमकी काळोख पडतानाच, आणि त्याच वेळी लोक ऑफिसातून गाड्या घेऊन घरी येत असतात.

तर टेबलावर फेल्ट पडलेलं होतं आणि खुर्चीच्या पाठीवर दाजींची ती फाटकी सेफ्टी जाकीट. ताईनेच आधी बघितलं. चकाकती पट्टी दिवसा उजेडात साधी करडी दिसते, फेल्टपेक्षा हाडाच्या रंगाला ती जवळची. आणि रात्री गाडीचा दिवा पडला की ती पेटल्यासारखी दिसते, कारण तिच्यात बारीक काचेचे मणी असतात, ते उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतात, म्हणजे ड्रायव्हरच्याच डोळ्यात. त्या पट्ट्या उसवून प्रत्येकीच्या उभ्या चार बारीक चिरा केल्या आणि मनगटातून निघणारी बोटं त्यांचीच शिवली, पंखाच्या पुढून आणि मागूनही. मागून विसरू नका, गाडी पाठीमागूनच येते. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, मणक्यासारखी एक उभी पट्टी. अंगठे तेवढे फेल्टचे, दोन छोटी वाकडी नखं, मनगटाच्या वरच्या बाजूला.

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. पोरीला हाड बरोबर हवं होतं, मला ती गाडीवाल्याला दिसायला हवी होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच पट्टीने झाल्या. ड्रेसवर वरून चकाकती पट्टी चिकटवली तर पोरं ती काढून टाकतात, ड्रेस 'बिघडतो' म्हणून. इथे ती काढली असती तर वटवाघळाची बोटंच गेली असती, त्यामुळे तिने त्या पट्ट्यांची काळजी स्वतःहून घेतली. अर्थात समोर गाडीचा दिवा नसेल तेव्हा या पट्टीचा उपयोग शून्य, म्हणून बरोबरच्या मोठ्या माणसाच्या हातात टॉर्च पाहिजेच.

कानांचं थोडक्यात. पहिला बेत हुडीच्या टोपीलाच कान शिवायचा होता, सगळे तसंच करतात. टोपी घालून तिला "इकडे बघ, तिकडे बघ" करायला लावलं तेव्हा दिसलं की मान वळते पण टोपी वळत नाही, डोळ्याच्या बाजूला टोपीचं कापड येतं आणि बाजूने येणारं काहीच दिसत नाही. रस्ता ओलांडताना हे चालणार नाही. मग टोपी मागे टाकली आणि कान हेअरबँडवर केले, आत दुधाच्या गॅलनचं प्लास्टिक कापून, बाहेरून उरलेल्या कळीचं कापड, आतल्या बाजूला करडं फेल्ट. पुठ्ठा नको, घामाने आणि दमट हवेने तो मऊ पडतो, गॅलनचं प्लास्टिक हलकं असतं, वाकवलं की परत सरळ होतं. इथे आजी आणि नातीचा परत वाद, कारण आईच्या मळ्यातलं फळं खाणारं मोठं वटवाघूळ, त्याचं तोंड कोल्ह्यासारखं आणि कान लहान, आणि हिला हवं होतं न्यू जर्सीचं किडे खाणारं, जे अख्खं काही ग्रॅमचं. शेवटी कान नातीच्या मताने झाले. पण पंखांचं माप आजीच्या बाजूने गेलं, पोरीने हात पसरले की टोकापासून टोकापर्यंत चार फूट भरत होते, आणि आपल्याकडचं मोठं वटवाघूळ पंख पसरून तेवढं सहज भरतं. आईला याचा फार आनंद झाला, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

मुखवटा नाही. शाळेचाही नियम होता आणि घरी असतो तरी केला नसता, छोट्या भोकांतून पायरी दिसत नाही. नाकाच्या शेंड्याला थोडं काजळ, बस.

पणत्यांचा प्रश्न मात्र ड्रेसपेक्षा नाजूक होता. ताईने आधीच बॅटरीच्या सेलवर चालणाऱ्या पणत्या आणून ठेवल्या होत्या, आणि आईने त्या हातात घेऊन बघितल्या. "लक्ष्मीला ही सेलची पणती लावायची?" तिच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटलं होतं. ताई म्हणाली, "आई, आज दारात वीस-तीस पोरं येणार, कोणाचा झगा कशाचा असेल आपल्याला काय माहीत." आई गप्प बसली, मग तिनेच तोड काढली. खऱ्या, तेलाच्या पणत्या देवघरात, तुळशीपाशी मागच्या अंगणात फरशीवर, पानं झाडून, आणि तिथे सतत कोणीतरी मोठं माणूस. पुढच्या पायऱ्यांवर आणि वाटेवर सेलच्या. वर आकाशकंदील, विजेचा. रांगोळीही पायरीसमोर न काढता दाराच्या बाजूला भिंतीलगत काढली, पोरांच्या पायाखाली जाऊ नये म्हणून. आपल्याकडचे जे लोक अमेरिकेत आहेत त्यांना मी हे आवर्जून सांगेन, आपल्या पोराच्या ड्रेसचं कापड आपण निवडू शकतो, दारात येणाऱ्या पोरांचं नाही, त्यामुळे त्या संध्याकाळी ज्योत पायरीवर नकोच.

प्रत्यक्ष संध्याकाळ. आम्ही सगळी तयारी थंडीची केली होती, दोन साइझ मोठी हुडी त्यासाठीच की आत थर्मल आणि स्वेटर मावेल, कारण वरून जाकीट घातलं की पंख झाकले जातात आणि पोरगी रडते, हे दरवर्षी कोणाच्या तरी घरी होतंच. आणि त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला दुपारी चक्क उन्हाळा, सत्तर फॅरनहाइटच्या बऱ्याच वर. थर्मल गेलं, स्वेटर गेला, आत नुसता हाफ टीशर्ट आणि हुडीची झिप उघडी. पंख बगलेच्या शिवणीवर असल्यामुळे झिप उघडी ठेवूनही काही बिघडलं नाही, हुडी डोक्यातून घालायची असती तर ती संध्याकाळ कठीण गेली असती. झिपचा दुसरा फायदा बाथरूमचा, तिची ती जाऊन आली, कोणाला काही सोडावं बांधावं लागलं नाही.

पूजा आधी झाली, प्रसाद घेऊन वटवाघूळ बाहेर पडलं. दाजी टॉर्च घेऊन मागे. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी वळली तेव्हा मी दारातून बघत होते, दिवे तिच्यावर पडले आणि दोन्ही पंखांतली बोटं एकदम लखकन दिसली, गाडी लांबूनच हळू झाली. दाजी, जे काड्यांसाठी भांडले होते, ते परत आल्यावर म्हणाले की मोठ्या घोळक्यातही आपली पोरगी कुठे आहे ते टॉर्च मारला की लगेच कळत होतं.

बिघडलं ते उजव्या काखेत. संध्याकाळभर पंख फडफडवल्यामुळे चुण्यांच्या टोकाशी टीप सुटली आणि बोटभर उसवलं, सेफ्टी पिनवर निभावलं. सगळा ओढा त्या एका बिंदूवर येतो, तिथे आतून हुडीच्याच कापडाचा छोटा चौकोनी तुकडा लावून मग चुण्या बसवायला हव्यात. दुसऱ्या दिवशी आईने तसं करून दिलं, दोन्ही बाजूंना, आणि त्यानंतर कितीही ओढलं तरी काही झालं नाही. हुडीचं कापड जाड असल्यामुळे पोरीला घाम फार आला हेही खरं, पण हवामानाचं काय करणार, थंडीच्या वर्षी हीच जाड हुडी कामाला येते. मी परत केला तर हुडी तीच ठेवीन, काखेत तुकडा आधीच लावीन, आणि पिशवीला लांब बंद लावून ती तिरकी गळ्यात अडकवीन, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

२०२५ ला दिवाळी ऑक्टोबरच्या २० तारखेलाच होऊन गेली, हॅलोवीन वेगळा पडला, शुक्रवारी, आणि भाचीला तेव्हा घुबड व्हायचं होतं. वटवाघूळ शेजारच्या घरच्या मुलाकडे गेलं. तो हिच्यापेक्षा उंच, हात लांब, पंख बाहीवर आखूड पडत होता. छत्रीच्या आठातल्या दोन कळ्या उरल्या होत्या, त्यातली एक कानांत गेली होती, दुसरी आईने जाताना घडी करून ताईच्या शिवणाच्या डब्यात ठेवली होती. तिची उभी पट्टी कापून काखेपाशी जोडली, बोटांच्या पट्ट्या मनगटाकडून थोड्या उसवून पुढे सरकवल्या, आणि पंख बरोबर बसला.